जुन्या बुलेटचे वरचे काम

बुलेट मोटारसायकलीचा आवाज ओळखत नाही असा मनुष्य आपल्या गावात क्वचितच सापडेल. पण ती गाडी चढावर दमू लागली, मागून निळा धूर सोडू लागली आणि मालकाने गॅरेजात नेऊन "वरचे काम करून टाका" असे सांगितले, म्हणजे पुढे आत नेमके काय घडते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. तेवढेच आज सांगण्याचा आमचा विचार आहे. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. फिटर व गॅरेज कामगार यांच्या संघटनेचे काम करताना त्यांच्या शेजारी उकिडवे बसून जे पाहिले, विचारले आणि रात्री पुस्तकांत ताडून पाहिले, तीच आमची विद्या.

उदाहरणादाखल ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची साडेतीनशेची बुलेट घेऊ. रॉयल एन्फील्ड हे मूळचे इंग्लंडातील नाव. १९५५ साली मद्रासच्या कंपनीशी भागीदारी होऊन एन्फील्ड इंडिया निघाली आणि तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. तिकडची मूळ कंपनी १९७० च्या सुमारास मिटली. इकडे हे लोखंडी सिलिंडरचे इंजिन थोड्याफार फेरफारांनी २०१० च्या सुमारापर्यंत निघत राहिले. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. गुणाकार करून पाहिला तर ३४६ घनसेंटिमीटर येतात. यालाच आपण साडेतीनशे म्हणतो.

हे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा पिस्टन तेवढ्याच वेळात ६००० वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. वरच्या टोकाला तो थांबतो तिथेच ज्वाळेची उष्णता सर्वांत जास्त, वायूचा दाब सर्वांत जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. म्हणून सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या रिंगची धाव संपते तिथे तो अधिक झिजतो, आणि त्याच्या वर, जिथे रिंग पोहोचतच नाही, तिथे न झिजलेली कड शिल्लक राहते. बोट आत घालून फिरवले की ती कड नखाला लागते. शिवाय स्फोटाच्या वेळी कनेक्टिंग रॉड तिरपा असल्यामुळे पिस्टन मागच्या भिंतीवर रेलतो. सबब सिलिंडर गोलही राहत नाही. पुढून-मागे एक माप आणि डावी-उजवीकडे दुसरे माप, तीन-तीन उंचींवर घेतल्याशिवाय त्याची खरी अवस्था कळायची नाही.

खोलण्यापूर्वी मात्र थोडी चौकशी करावी. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल ओतून किक मारावी. किकला एकदम जोर आला तर दोष रिंगांत व सिलिंडरात. फरक पडला नाही तर बहुधा व्हॉल्व्हमध्ये. धुराचेही तसेच. गाडी ओढताना निळा धूर येतो तो रिंगांचा. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून मग पुन्हा उघडल्यावर भपका येतो तो व्हॉल्व्हच्या गाईडमधून गळणाऱ्या तेलाचा. एवढे पाहिले तरी गिऱ्हाइकाचे कित्येकदा निम्मे पैसे वाचतात. म्हणूनच काही ठिकाणी ते पाहत नसावेत!

टाकी, कार्ब्युरेटर, सायलेन्सरचा पाइप आणि रॉकरला तेल नेणारी नळी काढून हेड उतरवतात. सिलिंडर उचलताना पिस्टन खालून मोकळा होतो, त्या क्षणी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ चिंधी कोंबलीच पाहिजे. गजन पिनची सर्क्लिप निसटून आत पडली तर एका दिवसाच्या कामाचे चार दिवस होतात. जुने गास्केट खरवडताना ते आधी ओले करावे, कारण जुन्या मालात अॅस्बेस्टॉस असू शकते; त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. ही सूचना आम्ही दर गॅरेजात करतो आणि दर गॅरेजात हसून घेतो.

झीज थोडी असली तर नव्या रिंगांवर भागते. जास्त असली तर रिबोअर, म्हणजे सिलिंडर वीस किंवा चाळीस हजारांश इंच मोठा कापून त्या मापाचा पिस्टन घालणे. येथे सारे फटीवर अवलंबून आहे. पिस्टन अॅल्युमिनियमचा, तापल्यावर तो लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. फट कमी ठेवली तर तो आतच आवळला जातो. म्हणून पिस्टन करणाऱ्याने दिलेला आकडाच पाळावा, अंदाज चालवू नये.

याच फटीवरून एकदा भांडण झाले. एका गॅरेजात रिबोअर केलेली गाडी दुसऱ्याच दिवशी जाम झाली आणि मालकाने हाताखालच्या पोराचा पंधरा दिवसांचा पगार कापला. त्याने तेल कमी घातले, असा आरोप होता. आम्ही गेलो तेव्हा मागणी एकच केली: मायक्रोमीटर आणा. चरे पडले नव्हते त्या जागी पिस्टन मोजला, सिलिंडर मोजला. फट सांगितल्याच्या निम्मीच भरली. स्वस्तात कापून देणारा लेथवाला मालकानेच निवडला होता. पगार परत मिळाला. तेव्हापासून आमच्या पोरांना आम्ही सांगतो की, लेथवरून आलेला सिलिंडर मोजून आकडा वहीत तारखेसह लिहावा, मगच पिस्टन चढवावा.

व्हॉल्व्ह सीटवर पेस्ट लावून घासतात. करड्या रंगाचे अखंड वर्तुळ उमटले की पुरे. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून थेंब झिरपतो का पाहावे. रिंग आधी नुसतीच सिलिंडरात घालून तिच्या तोंडाची फट फिलर गेजने तपासावी; या व्यासाला ती पाव मिलिमीटरच्या खाली नसावी. बसवताना रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. टॅपेट इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून लावावेत: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वरखाली मात्र हलता कामा नये.

पहिले पाचशे किलोमीटर गाडी हळू चालवावी, पण एकाच वेगाने नव्हे आणि चढावर दमवून तर मुळीच नव्हे. त्यानंतर तेल बदलावे, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा पाहावेत आणि टॅपेट नव्याने लावून घ्यावेत. गास्केट दबल्यामुळे त्यांचे माप बदललेले असते.