वरिष्ठांचा मान आणि हरकतीची परंपरा

कन्फ्यूशियसच्या संवादांत एक प्रसंग येतो. बापाने मेंढी चोरली आणि मुलानेच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. गावाला तो मुलगा सचोटीचा वाटला. कन्फ्यूशियसला मात्र बापलेकांनी एकमेकांना पाठीशी घालण्यातच सचोटी दिसली. साहेबाला वडिलांच्या जागी मानणाऱ्या दक्षिण कोरियातल्या कचेरीत हा पेच आजही जाणवतो. तिथे तक्रार करणारा नियम पाळत असला, तरी नातं मोडणारा ठरू शकतो. लाचलुचपत तर सगळीकडेच असते, त्यात कन्फ्यूशियस कशाला, असं कुणी म्हणेल. पण २८ सप्टेंबर २०१६ रोजी लागू झालेला लाचलुचपतीविरुद्धचा ‘किम यंग-रान कायदा’ पाहा. सरकारी नोकर, शिक्षक आणि पत्रकार यांच्यासाठी त्याने सुरुवातीला जेवणाला ३० हजार वॉनची, तर लग्न किंवा मयतीच्या पाकिटाला एक लाख वॉनची मर्यादा घातली. पाकिटावर सरसकट बंदी नव्हती, कारण ते देणं हे तिथे कर्तव्यच मानलं जातं.

तरीही कन्फ्यूशियसच्या या वारशाला निव्वळ आज्ञाधारकपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. वडील चुकत असतील तर मुलाने त्यांना अडवलंच पाहिजे, असं पितृभक्तीवरचा अभिजात ग्रंथच सांगतो. कोरियातल्या जोसॉन राजवटीत राजाला त्याची चूक दाखवण्यासाठी ‘सागानवॉन’ हे स्वतंत्र खातं होतं. आधुनिक कंपन्यांनी उतरंड उचलली, पण हरकतीची ती अधिकृत जागा फारशी उचलली नाही. कंपन्यांतल्या तक्रारदारालाही संरक्षण देणारा कायदा कोरियात आला तो २०११ मध्ये.