मोठा आकडा, जपून अर्थ

एक कोडे पाहा. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. साऱ्या महाराष्ट्रात हेच प्रमाण 929 होते. मग रत्नागिरीत मुलीच अधिक जन्माला येतात की काय?

मुळीच नाही. त्याच जनगणनेत जिल्ह्यातील सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलग्यांमागे मुली होत्या 936. निसर्गतः जन्माच्या वेळी हे प्रमाण साधारण 950 असते. म्हणजे 1122 पाहून निश्चिंत राहावे, अशी स्थिती नाही. मग मोठेपणी पारडे फिरते कसे? कोकणातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटापाण्यासाठी मुंबईला जात आले. चाकरमानी मोजला जातो मुंबईत, त्याची आई गावी. मुंबई शहरात दर 1000 पुरुषांमागे स्त्रिया अवघ्या 832 होत्या!

कुटुंबांच्या अभ्यासात ‘समाश्रयण’ हे गणित वापरतात. तिथेही असेच चकवे असतात. समजा, आडव्या अक्षावर मुंबईहून घरी दरमहा येणारे पैसे मांडले आणि उभ्या अक्षावर मुलाची शाळेतील हजेरी. प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. सर्व ठिपक्यांना शक्य तितकी जवळची सरळ रेषा काढली, की ती झाली समाश्रयण रेषा. ती वर चढली, तर जास्त पैसे येणाऱ्या घरांत हजेरी सरासरीने जास्त आढळली, एवढेच म्हणता येते.

पैशांमुळेच हजेरी वाढली, असे मात्र म्हणता येत नाही. कदाचित त्या घरांतील आई अधिक शिकलेली असेल, शाळाही जवळ असेल. या गोष्टी गणितात घेतल्या, तर रेषेचा चढ कमी होऊ शकतो. पण ज्यांची नोंदच नाही, त्या कारणांचा परिणाम गणित वेगळा काढू शकत नाही. शिवाय जी कुटुंबे बिऱ्हाडासह मुंबईला गेली, त्यांचे ठिपके आलेखावर नाहीतच.

आणखी एक गोष्ट. रेषा सरासरी सांगते, एका घराचे भविष्य नव्हे. 1886 मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील व मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंच आईवडिलांची मुले सरासरीने उंच, पण आईवडिलांइतकी नाहीत, असे त्यांना आढळले. तरी काही मुले आईवडिलांहून उंच होतीच.

तेव्हा वर्गात असा आलेख काढाल, तेव्हा रेषेपासून सर्वांत दूरचा ठिपका शोधा आणि त्या घरी वेगळे काय आहे, याचा विचार करा.