पोरगं पोहतंय झकास, आता शर्यतीत उतरवायचं का?



आपल्याकडची मुलं पोहायला शिकतात ती विहिरीवर. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, चुलत्यानं काठावरून ढकलायचं, की आठ-पंधरा दिवसांत पोर पाण्यावर. पुढं शाळेतले क्रीडाशिक्षक सांगतात, "ह्याला जलतरण स्पर्धेत उतरवा," आणि घरात विचार सुरू होतो. अभ्यासाचं काय? खर्च किती? आणि शेवटी पदरात काय पडणार?

पहिली गोष्ट म्हणजे विहिरीतलं पोहणं आणि शर्यतीचं पोहणं ही दोन वेगळी कामं आहेत. विहिरीत आपण मान वर काढून पोहतो. शर्यतीत तोंड पाण्यात आणि श्वास घ्यायचा तो बाजूला मान वळवून. तलाव २५ किंवा ५० मीटर लांबीचा, दोरांनी पट्टे आखलेला. फ्रीस्टाइल, पाठीवरचं बॅकस्ट्रोक, बेडकासारखे पाय मारण्याचं ब्रेस्टस्ट्रोक आणि दोन्ही हात एकदम पुढं टाकण्याचं बटरफ्लाय असे चार प्रकार. ह्यांतल्या शेवटच्या दोहोंत भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले नाहीत तर पंच बाद करतात. इशाऱ्याआधी उडी घेतली तरी तेच. म्हणून विहिरीतला वाघ पहिले काही महिने तलावात मागं पडलेला दिसतो. "इथं येऊन पोर बिघडलं," असं म्हणून त्याला परत नेऊ नये. जुनी सवय मोडायला वेळ लागतोच.

शर्यत शेजारच्या पट्ट्यातल्या पोराशी दिसते, पण खरी असते ती घड्याळाशी. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. घड्याळ हा इथला वजनकाटा समजा. (आपल्या काट्यावरून सभेत होतात तेवढे वाद इथं होत नाहीत, एवढंच!) तेव्हा घरी आल्यावर "कितवा आलास?" असं विचारण्याआधी "मागच्या खेपेपेक्षा किती कमी लागला?" हे विचारावं. सातवा आलेला मुलगा स्वतःची वेळ दोन सेकंदांनी सुधारून आलेला असतो, आणि बाप मात्र परतीच्या एस.टी.त तोंड फिरवून बसतो. हे आम्ही पाहिलेलं आहे.

ह्यात एक बारकावा आहे, तो पालकांनी नीट ध्यानात घ्यावा. दहा-बारा वर्षांच्या गटात पहिला येणारा पुष्कळदा अंगानं लवकर वाढलेला असतो. दोन-तीन वर्षांनी बाकीचे उंचीला लागतात, आणि कालचा विजेता मागं पडतो. मग आईबाप म्हणतात, ह्याचं लक्ष नाही, आणि चांगलं पोहणारं पोर चौदाव्या वर्षी तलाव सोडतं. तसंच बारीक अंगाचं पोर आज मागं आहे म्हणून कायम मागं राहील, असंही नाही. आडसाली आणि सुरू ऊस एकाच दिवशी उंचीनं मोजून कुणी भाव करतं का?

मोठ्या पाण्यात आपली माणसं गेलेली आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. कोल्हापूरचे वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेले तेव्हा सोळा वर्षांचे होते. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक आणलं. त्याआधी पोहण्यात भारताला आशियाई पदक मिळालं होतं ते १९८६ साली खजानसिंग यांना. मधे चोवीस वर्षं गेली! पुढं खाडे तहसीलदार झाले. राज्यात खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक दर्जाच्या कामगिरीलाच. त्या एका आशेवर पोराला पाण्यात घालू नये.

सुरुवात शाळेतून होते. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. नाव शाळेमार्फत द्यायचं आणि चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायची. दुसरी वाट जलतरण संघटनेच्या वयोगट स्पर्धांची. तिथं क्लबमार्फत नोंदणी लागते. दोन्हीकडे जन्मदाखला नीट हवा. वय चोरून पोराला खालच्या गटात घालण्याच्या भानगडीत पडू नका.

खर्चाचं म्हणाल तर पोशाख, टोपी आणि चष्मा एवढ्यावर सुरुवात भागते. तलावाची फी वेगळी. खरा खर्च पालकाच्या झोपेचा. पहाटे साडेपाचला तलावावर पोचायचं म्हणजे गाडी काढणारा कुणीतरी हवा, आणि घरात भाकरी चारलाच भाजली गेली पाहिजे. भरल्या पोटी पोहायचं नाही. बाहेर आल्यावर मात्र दूध, शेंगदाणे, अंडी, जे घरात असेल ते लगेच द्यावं.

मुलींना जरूर पाठवा. पण आधी आईनं स्वतः तलाव पाहून यावा. कपडे बदलायला बंद खोली आहे का, सरावाच्या वेळी जीवरक्षक काठावर असतो का, आणि पालकांना बसून सराव बघू देतात का, हे विचारावं. शेवटच्या प्रश्नाला नकार आला तर दुसरा तलाव बघावा. मुलांच्या बाबतीतही हेच.

आणि एक. शर्यतीची उडी सपाट असते. ती ठरावीक खोलीच्या तलावासाठी. तीच उडी गावातल्या उथळ बंधाऱ्यात मारली तर मान मोडते. कालव्याच्या ओढीत पदकवालासुद्धा वाहून जातो. सराव चालू असला तरी विहिरीवर, कालव्यावर पोरानं एकट्यानं उतरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी त्याला बजावून ठेवा.