अडीच सेकंदांत काय बसतं?

बीट बनवायला सॅम्पलर (आवाजाचे तुकडे रेकॉर्ड करून वाजवणारं यंत्र) घ्यावा की लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर, या वादात एसपी-१२०० चं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीनं १९८७ मध्ये आणलेलं हे यंत्र. आवाज बारा बिटांचा, सॅम्पलिंगचा वेग सेकंदाला सुमारे २६ हजार, सगळी मिळून मेमरी दहा सेकंदांची, आणि एका तुकड्याला जास्तीत जास्त अडीच सेकंद. एवढ्या ऐवजावर न्यूयॉर्कच्या पीट रॉकसारख्या मंडळींनी नव्वदीतल्या हिप-हॉपचा नाद उभा केला.

जागा पुरेना म्हणून त्यांनी एक शक्कल काढली. मिनिटाला ३३ फेऱ्यांची एलपी ४५ वर फिरवायची आणि ते चिरकं गाणं रेकॉर्ड करायचं. अडीच सेकंदांत जवळपास ३.४ सेकंदांचं संगीत कोंबलं जाई. मग यंत्रात त्याचा सूर पुन्हा खाली ओढायचा. या ओढाताणीत वरचा उजळ नाद गळून जाई आणि त्याच्या जागी खरखरीत, धातूची किणकिण येई. आज सॉफ्टवेअरवाले हीच खरखर प्लगइन म्हणून विकतात आणि लोक हौसेनं घेतात. मूळ यंत्राचा नवा अवतार २०२१ मध्ये निघाला तो ३,९९९ डॉलरना. काटकसरीतून निघालेल्या नादाला ही किंमत!

माझ्या मते या यंत्रांनी दिलेली खरी गोष्ट खरखर नव्हे, चॉप. जुन्या सॅम्पलरमध्ये वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले असत. लूप जलद केला की सूर चढणार, संथ केला की उतरणार. गाण्यातला तुकडा आपल्या लयीत बसत नसेल तर एकच वाट उरे: त्याचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एकेका पॅडवर ठेवायचा आणि बोटांनी नव्यानं वाजवायचा. अडचणीतून नवीच वादनकला जन्मली. २००१ मध्ये बर्लिनच्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये सूर न हलवता लय ताणता येऊ लागली, तेव्हा चॉप करण्याची सक्ती संपली. तरी लोक चॉप करतातच, कारण तोवर कानाला त्याची गोडी लागली होती.

बोटांचा विषय निघाला की अकाईच्या एमपीसी-६० वर यावं लागतं. रॉजर लिननं घडवलेल्या या १९८८ च्या यंत्रावर चार बाय चार असे सोळा रबरी पॅड होते. त्याच्या ‘स्विंग’ला पुढे जादू ठरवलं गेलं. ते आहे साधं गणित. सोळांशाच्या जोडीतला दुसरा ठोका थोडा उशिरा पडतो. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ म्हणजे जवळजवळ तिस्र. मिनिटाला ९० च्या लयीत ५८ टक्के ठेवले तर दुसरा ठोका सुमारे २७ मिलिसेकंद मागे राहतो. हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये जमतं. पण डेट्रॉइटचा बीटनिर्माता जे डिला काही ठोके सरळ ठेवी, काही सरकवी आणि दोन्ही एकमेकांवर घासू देई. त्याचा एमपीसी आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे; कुठे किती सरकवायचं, हे मात्र यंत्राचं कोणतंच बटण ठरवत नव्हतं.

त्याच डिलाचा ‘डोनट्स’ ७ फेब्रुवारी २००६ ला आला आणि तीन दिवसांनी तो गेला. इस्पितळातल्या खाटेवर, हातातल्या छोट्या सॅम्पलरवर हा अल्बम झाला, ही कथा वर्षानुवर्षं सांगितली गेली. डॅन चार्नस यांच्या २०२२ च्या चरित्रानुसार तो बहुतांशी संगणकावर, प्रो टूल्समध्ये घडला. ‘यंत्राचा आवाज वेगळाच’ म्हणून ज्याचा दाखला देत होते, तो असा निघाला. नाइन्थ वंडर या बीटनिर्मात्यानं रॅपर जे-झीच्या २००३ च्या अल्बममधलं ‘थ्रेट’ फ्रूटी लूप्सवर बनवलं, तेव्हा या सॉफ्टवेअरला खेळणं म्हणून नाकं मुरडली जात. आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर २००७ मध्ये ‘बीट कंडक्टा’चे भाग काढणारा मॅडलिब? ‘बंदाना’ या अल्बमचे (२०१९) बीट आपण आयपॅडवर केले, असं त्यानंच सांगितलं.

शिवाय सीमारेषाही आता पुसट झाली आहे. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या मशीनमध्ये (२००९) पॅड टेबलावर आणि आवाज संगणकात. अकाईचा एमपीसी लाइव्ह (२०१७) लॅपटॉपशिवाय चालतो खरा, पण आतून तोही संगणकच. तेव्हा नवशिक्यानं आधी फोनवर कोआला हे सॅम्पलर ॲप घ्यावं किंवा लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ. परदेशी यंत्रावर आयात शुल्काचा बोजा चढतो, आणि चाळीस हजार घालून घेतलेलं यंत्र कपाटात पडलेलं बघणं काही सुखाचं नसतं. पडद्यावर लाटा बघत बसल्यानं ऐकणं मागे पडतंय असं वाटू लागलं, की मग पॅड घ्यावेत.

एका ठिकाणी मात्र मी यंत्राच्याच बाजूनं आहे: मंचावर. मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टीतला ऑक्टापॅडवाला काठ्यांनी ढोलकी आणि हलगी काढतो. वर पाऊस, शेजारी जनरेटर, खाली हलती ट्रॉली. तिथे लॅपटॉप उघडून अपडेट संपायची वाट कोण बघणार?