कवडी समुद्रातली, मग माळ तुळजापूरची कशी? आणि जीआय टॅगमुळे ती ओवणाऱ्या बाईला काय मिळणार?

तुळजापूर ते कोकणचा किनारा हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ३०० किलोमीटर. कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचं कवच. तरीही आई तुळजाभवानीच्या दर्शनाला गेलेला माणूस कवड्यांची माळ घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. आराधी आणि गोंधळ्यांच्या गळ्यात ती असते, शिवरायांच्या चित्रांमध्येही दिसते.

२०२३-२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या दोन वस्तूंना भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय टॅग मिळाला. एक कुंथलगिरीचा खवा आणि दुसरी तुळजापूरची कवडी. बातमी आली, अभिनंदनाचे फलक लागले. पण घरात बसून माळा ओवणाऱ्या बाईला यातून काय मिळतं?

कच्चा माल बाहेरचा, तरी टॅग कसा?

१९९९ चा भौगोलिक मानांकन कायदा २००३ पासून लागू आहे. बनवलेल्या वस्तूचा कच्चा माल त्याच गावचा असावा, अशी अट त्यात नाही. उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यापैकी एक काम त्या भागात व्हायला हवं आणि वस्तूचा लौकिक त्या जागेशी जोडलेला हवा. म्हणजे इथे खरी किंमत हाताच्या कामाला आहे. कवडीची फुगीर पाठ घासून भोक पाडायचं, आकार बघून कवड्या निवडायच्या, जाड दोऱ्यात ओवून गाठी मारायच्या. यातलं ओवणं-गाठवणं स्वयंपाकपाणी उरकून घरी करता येतं, म्हणून ते बायकांकडे येतं.

पैशाचं गणित

पुढचे आकडे फक्त उदाहरणादाखल आहेत. समजा, एका माळेला २० मिनिटं लागली आणि नगामागे १० रुपये मजुरी मिळाली. तासाचे झाले ३० रुपये, सहा तास बसलं तर १८०. आता तीच माळ तिने स्वतःच्या कवड्या आणून ५० रुपयांत तयार केली आणि १०० ला विकली, तर एका माळेमागे ५० रुपये सुटतात. हात तेच, वेळ तेवढाच, कमाई पाचपट.

मग सगळ्याच जणी असं का करत नाहीत? कारण माल आधी भरावा लागतो. मोठी गर्दी शारदीय नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत, त्यानंतर पौषातल्या शाकंभरी नवरात्रात आणि चैत्री पौर्णिमेला. एरवी मंगळवार, शुक्रवार, रविवार. नवरात्रात विकायच्या माळेसाठी पैसा श्रावणातच अडकतो आणि न विकलेल्या माळांची जोखीम तिचीच. भांडवल असलेला व्यापारी हे सहज पेलतो. ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटाचं कर्ज इथे उपयोगी पडतं. एकटीने दहा किलो कवड्या घेण्यापेक्षा गटाने मिळून माल घेतला तर भावही बरा मिळतो.

टॅग कोणाचा?

बहुतेक बातम्यांमध्ये ही बाजू येतच नाही. टॅग मिळाला म्हणजे गावातल्या प्रत्येकाला तो आपोआप लागू होत नाही. ज्याला तो वापरायचा, त्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. अर्जाचा नमुना जीआय-३. शुल्क आधी ५०० रुपये होतं, २०२० च्या दुरुस्तीत ते १० रुपये झालं. चहाच्या कपाएवढं!

मेख कायद्यातल्या ‘उत्पादक’ शब्दात आहे. हस्तकलेच्या बाबतीत या शब्दात वस्तू बनवणारा येतो, तसा तिचा व्यापार करणाराही येतो. म्हणजे दुकानदारानेही नाव नोंदवलं तर ते कायद्याला धरूनच आहे. पण नोंदवहीत नुसती दुकानदारांचीच नावं राहिली तर टॅगचं लेबल त्यांच्या पाकिटावर लागेल आणि ओवणारी पुन्हा नगावरच राहील.

अर्जासोबत आपण ही वस्तू कशी बनवतो, हे सांगणारं निवेदन द्यावं लागतं. मानांकन ज्या संस्थेच्या नावावर आहे तिच्याशी आधी बोलून घेतलं तर काम सोपं होतं. नोंदणी १० वर्षांची असते, नंतर नूतनीकरण. हा हक्क विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. मात्र अधिकृत वापरकर्त्याच्या निधनानंतर तो वारसाकडे जातो. म्हणजे सासूच्या नावावरची नोंद पुढे सुनेकडे किंवा लेकीकडे येऊ शकते. ज्या घरात जमिनीच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव नसतं, तिथे ही छोटी गोष्ट नाही.

घेताना काय बघाल?

बाजारात प्लास्टिकच्या कवड्याही असतात. खरी कवडी हाताला गार आणि जड लागते. तिचे दाते एकसारखे नसतात आणि दोन कवड्या हुबेहूब सारख्या निघत नाहीत. साच्यातला माल मात्र एकाच मापाचा. माळ आवडली तर ती कोणी ओवली, हे दुकानात जरूर विचारा. ओवणारीच समोर बसली असेल तर घासाघीस जरा कमी करा, यूपीआय तिच्याकडेही असतं.