डब्यामागे दीड किलो तेल गेले कुठे?

नगर रस्त्यावर शिक्रापूरला आत वळले की तळेगाव ढमढेरे. सणसवाडी-रांजणगावचे कारखाने आले, तशा या पट्ट्यात खानावळी, ढाबे, कँटीन वाढले. आपली कितीतरी मुले तेथे आचारी आहेत, स्टोअर सांभाळतात. पूर्वी मालाचा हिशेब शंभर पानी वहीत असे. आता काउंटरवर संगणक आहे, आणि महिनाअखेर तो सांगतो : तेल कमी भरले. मग मालक पोराकडे बघतो.

वाचकहो, संगणक हे ठरवतो कसे? सुरुवातीची शिल्लक, अधिक आवक, वजा जावक. गोम आहे ती जावकेत. गिऱ्हाइकाला जाते ताट, स्टोअरमधून जाते तेल, कांदा, पीठ. म्हणून एका ताटाला काय किती लागते, ते आधी भरून ठेवतात. बिल फाडले की तेवढे साहित्य आपोआप वजा होते. पण कांद्याची साल निघते, भाजी नासते, कामगार दोन वेळा जेवतात, मालकाच्या दुसऱ्या हॉटेलात पीठाचे पोते जाते. यांचे बिल होत नाही. त्यांची वेगळी नोंद केली नाही, तर संगणकाच्या लेखी तो माल स्टोअरमध्येच पडून असतो. मोजणीला मात्र सापडत नाही.

त्याहून फसवी चूक एककाची. भगिनींनो, घरातला तेलाचा मोठा डबा फिरवून पाहा. कुठे १५ किलो लिहिलेले असते, कुठे १५ लिटर. एक लिटर खाद्यतेल भरते साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. तो डबा घाईत १५ किलो म्हणून चढवला, की डब्यामागे सव्वा ते दीड किलोची तूट जन्माला येते. महिन्याला दहा डबे लागले तर साडेतेरा किलो! चोर कुणीच नाही, आणि आळ मात्र आचाऱ्यावर.

नासलेला, हरवलेला माल लिहिणे ही काही मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या जीएसटी नियमांतला ५६ वा नियम, कंपोझिशन योजनेतले सोडून, प्रत्येक नोंदणीकृत व्यावसायिकाला हरवलेल्या, चोरीस गेलेल्या, नष्ट झालेल्या मालाची नोंद ठेवायला सांगतो.

आणि पगाराचे? सोपवलेल्या मालाची तूट कापायची, तर ती कामगाराच्या हयगयीमुळे झालेली असावी लागते. कपात नुकसानीपेक्षा जास्त चालत नाही, आणि आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते. हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण म्हणणे मांडायला हातात काही हवे ना! तेव्हा स्टोअरमधल्या पोराने खिशात छोटी डायरी ठेवावी : आज काय नासले, किती जण जेवले, कोणते पोते कुठे गेले. मोजणीला स्वतः उभे राहावे, आणि फरकाच्या कागदावर सही करण्याआधी डब्यावर किलो लिहिले आहे की लिटर, ते वाचावे.