उद्याचे डॉक्टर आणि दूरचा रोगी

रेडिओवरून डॉक्टर रोग्याला तपासतो आहे, असे चित्र अमेरिकेतल्या ‘रेडिओ न्यूज’ मासिकाने १९२४ सालीच मुखपृष्ठावर छापले होते. तेव्हा ती नुसती कल्पना होती. आज सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून खेड्यातल्या आरोग्य केंद्रात बसलेला माणूस दूरच्या डॉक्टरशी बोलतो. तेव्हा यंत्राचे कौतुक पुरे झाले. त्या यंत्रापुढे उद्या जो बसणार आहे, त्या विद्यार्थ्याची तयारी किती, एवढेच आता पाहायचे.

वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलामुलींना फोनची भीती नाही, ती त्यांच्या हातातच असते. पण कुणी म्हणतो, “हात लावल्याशिवाय कसली तपासणी?” आणि कुणी म्हणतो, “सोपं आहे, बोलायचं नि औषध लिहायचं.” मला विचाराल तर दुसरा अधिक धोक्याचा.

बघणे, चाचपणे, ठोकून पाहणे, ऐकणे ही तपासणीची जुनी चौकडी. पडद्यावर त्यातले चाचपणे नि ठोकणे गेलेच, आणि नळी लावून ऐकणेही बहुधा गेले. मग बघणे तरी नीट हवे. समजा, मूल तापाने फणफणले आहे, खोकते आहे. आईला सांगायचे, बाळाला शांत मांडीवर घ्या, झबले वर करा, फोन पोटाशी धरा. मग पुरते एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांपुढच्या पण वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर बोलणे थांबवून मुलाला इस्पितळात धाडायचे. हे पुस्तकात वाचून येत नाही, घड्याळ लावून करावे लागते.

नियमांचेही तसेच. २५ मार्च २०२० रोजी आपल्या देशात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. रोग्याने स्वतः फोन केला तर त्याची संमती धरली जाते. आरोग्यसेवकाने लावून दिला, तर ती स्पष्ट घ्यावी लागते. शेड्यूल एक्समधली औषधे अशी लिहून देता येत नाहीत. आणि एवढ्यावर भागत नाही असे वाटले, तर “प्रत्यक्ष या” म्हणण्याचा अधिकार डॉक्टरचाच. हा अधिकार नव्या डॉक्टरला वापरवत नाही, बरं का! आपल्याला काही येत नाही असे रोग्याला वाटेल, ही धास्ती.

आणखी एक गोष्ट वर्गात क्वचितच निघते. पडद्यावर बाई एकटी दिसते, पण चौकटीबाहेर सासू असते, दीर असतो. अंगावरून पांढरे जाते, हे ती त्यांच्यादेखत कशी सांगणार? ती म्हणते, “कंबर दुखते,” आणि विद्यार्थी कंबरेची गोळी लिहितो. नाव-वय झाले की पुढचा प्रश्न हाच हवा: “बाई, खोलीत आणखी कोण आहे?” आणि कुणी असेल, तर त्यांना जरा बाहेर थांबायला सांगायचे.